सोलर पॅनेलवरच्या कुरडया

मंडळी, आज तोंड लपवावंसं वाटतंय.

सांगलीत सकाळपासून लाईट न्हाई. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद. गच्चीवर गेलो, तर चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी सोलर पॅनेलवर जुनी साडी अंथरून कुरडया वाळत घातलेल्या.

"काकू, पॅनेलवर कुरडया?"

"अरं बाबा, लाईन गेली की तुझं बिनबॅटरीचं सोलरबी बंद. एवढं ऊन वाया घालवू व्हय?"

"बॅटरी कशाला, लाईट गेली तरी लिफ्ट चालंल," असं सोलर बसवताना सोसायटीच्या मीटिंगमध्ये छातीठोकपणे मीच सांगितलं होतं.

काकूंच्या घरी काकांचे गुडघे गेलेत, जिना उतरवत न्हाई. आजचा दवाखाना हुकला.

मी गुमान काकूंना कुरडया उलटू लागलो.

तुमच्या पॅनेलवर काय वाळतंय?