पेटीतला नारळ

“तू दाराबाहेर थांब. तुझ्या श्वासानं सिग्नल बिघडतो.”

असं माझे पीएचडीचे मार्गदर्शक सर म्हणाले. दसऱ्याचा दिवस. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि आमच्या संस्थेत लेसर यंत्र आलं. ते मी जुळवलं. आरशांपुढे तीन महिने इतकी वाकले की कण्याचा कोयता झाला. यंत्राच्या पूजेला मात्र सगळे आत. रेल्वेच्या गँगमनची पोरगी, घरात बुद्धाची तसबीर असलेली, ती बाहेर.

हवेतलं बाष्प आमच्या यंत्रातला टेराहर्ट्‌झ प्रकाश, डोळ्यांना न दिसणारा, गिळतं, हे खरं. म्हणून तर त्या प्रकाशाची वाट बंद पेटीतून जाते, पेटीत कोरडा नायट्रोजन भरतात. पण श्वास काय माझाच ओला? सरांचा भाचा पान चघळत आत उभा होता. त्याच्या तोंडात अख्खा बूढा तालाब मावला असता.

काचेतून बघत होते. तात्यापाऱ्यातल्या, म्हणजे इथल्या जुन्या मराठी वस्तीतल्या, सोवळं नेसलेल्या सरांनी पेटी उघडली, आत फुलं वाहिली, नारळ फोडून पाणी शिंपडलं. झाकण लावून लगेच मोजमाप घेतलं. पडद्यावर टोकदार खुणा उमटल्या.

“एक्सिटॉन!” सर ओरडले. पार पंडरीच्या बाजारापर्यंत ऐकू गेलं असेल.

पेटीतल्या अर्धवाहकाच्या तुकड्यावर लेसरचा झटका बसला की इलेक्ट्रॉन जागा सोडतो, मागे रिकामी जागा उरते. दोघं एकमेकांना धरून राहतात, तो एक्सिटॉन. डोळ्याची पापणी हलायच्या कितीतरी आधी टेराहर्ट्‌झचा दुसरा झटका त्याला गाठतो.

दुसऱ्या दिवशी शोधनिबंध तयार. पहिलं नाव सरांचं, दुसरं भाच्याचं, शेवटचं माझं.

“मोजमाप बरोबर आहे म्हणून सही कर. उपकार समज.”

मी लेसरचा पहिला झटका पुठ्ठ्यानं अडवला. आता एक्सिटॉन जन्मणारच नव्हता. मोजलं. खुणा जशाच्या तशा.

“सर, हे एक्सिटॉन नाहीत. तुमच्या नारळाचं पाणी आहे.”

भाचा हसला. “दीदी, चुपचाप साइन कर दो न. डिग्री चाहिए कि नहीं?”

सर हसले नाहीत. “तुम्हा लोकांना आत घेतलं, तिथंच चुकलं.”

“आत कुठं घेतलं, सर? मी तर बाहेर होते.”

घरी बाबा म्हणाले, “काहून नाई केली वं सही? चार वर्षं गेली ना तुई.”

“जाऊ द्या. खोट्याखाली तुमचं आडनाव नाई लिवत मी.”

मार्गदर्शक बदलायचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: नारळ. पदवी मिळेल किंवा मिळणार नाही. ती पेटी मी पुसून कोरडी करीन, पुन्हा मोजीन, जे दिसेल तेच लिहीन. त्या दाराबाहेर मात्र पुन्हा थांबणार नाही.