रजा नको

परभणीत मी आणि माझे एक सहकारी प्राध्यापक एकाच कॉलेजात शिकवायचो. ते पेशींचं रसायनशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात ज्वारीच्या वाणांवर संशोधन करायचे. कुणी काही ठासून सांगितलं, की शर्टाच्या बाह्या वर सारत म्हणायचे, "पुरावा दाखवा."

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत त्यांचं गावाकडचं घर जाळलं गेलं. आईवडिलांना नातलगांकडे पोचवून ते तडक कॉलेजात आले. विभागप्रमुख हळूच म्हणाले, "वातावरण तापलंय. काही दिवस रजा घ्या."

"घर गेलं, साहेब. आता वर्गबी सोडू का?"

त्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. बकऱ्याच्या कलेजीतून काढलेला डीएनए काचेच्या कांडीवर पांढऱ्या धाग्यासारखा गुंडाळत ते म्हणाले, "आईबापाकडून आपल्यात जे उतरतं, ते ह्यातून."

मागच्या बाकावरून एका पोरानं मुद्दाम विचारलं, "सर, जातबी ह्यातच असती का?"

वर्ग हसला. मी दारात उभा होतो. ते मात्र शांतपणे मागच्या बाकापर्यंत गेले आणि कांडी त्या पोराच्या हातात दिली.

"शोध," ते म्हणाले. "सापडली की मला दाखव. तवर मी हितंच हाय, कुठं जात न्हाई."