मागची फिकट बाई

माझ्या मुलीला लहानपणी टीव्हीत तिची मेलेली आई दिसायची, असं आमच्या नात्यात आजही सांगतात. लग्नाच्या वेळी एक स्थळ त्यावरूनच फिरलं. खरं काय ते मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो.

१९९८ साली आम्ही पोफळीच्या कॉलनीत राहत होतो. मी वीजघरात ऑपरेटर. बायको आदल्या वर्षी काविळीने गेलेली. घरात मी आणि तिसरीतली मुलगी. तिला टीव्हीचं वेड. रविवारी सकाळी उडणाऱ्या वीराची मालिका लागली की माझा पंचा गळ्याला बांधून ती कॉटवर उभी राहायची. त्याच्या स्टिकरनी कपाटाचं दार भरून टाकलं होतं.

आमच्या टीव्हीत माणसं दुहेरी दिसत. प्रक्षेपणाच्या लहरी अँटेनावर एकदा सरळ येत आणि एकदा समोरच्या डोंगरावर आपटून, जरा उशिरा. म्हणून प्रत्येकाच्या खांद्याशी त्याचीच एक फिकट आकृती उभी. अँटेना कितीही फिरवा, ती जात नसे.

माझी दुसरी पाळी असली की मुलगी एकटी. शेजारच्या काकी जेवायला वाढत, पण ती त्यांच्याकडे थांबायची नाही. गेटपर्यंत माझ्यामागे रडत यायची. एका दुपारी तिने बातम्या देणाऱ्या बाईकडे बोट दाखवलं.

"बाबा, हिच्या मागे कोण उभंय?"

माझी बस सुटत होती. म्हटलं, "तुझी आई. तुला सोबत म्हणून येते. तिच्यासमोर बस, रडू नकोस."

"मग वीराच्या मागे पण आईच?"

"नाही. फक्त बायकांच्या मागे असते ती."

गेटपर्यंत येणं त्या दिवसापासून थांबलं. मला हायसं वाटलं.

वीर मागे पडला. ती बातम्या बघू लागली, पाककृती, साबणाच्या जाहिराती. कुठलीही बाई चालायची. आवाज बंद करून बोलत बसायची. गृहपाठ राहिला की टीव्हीवर चादर टाकायची, आईने बघू नये म्हणून.

सावर्ड्याहून तिची मावशी आली आणि घाबरली. "भावजी, पोर टीव्हीशी बोलते हो! कायतरी दिसतंय तिला." तिने मुलीला गावच्या देवळात नेऊन कौल लावला. गुरवाने दिलेला अंगारा मीच मुलीच्या कपाळाला लावला. खरं सांगायला तेव्हा एक वाक्य पुरलं असतं.

पुढे कॉलनीत केबल आली. चित्र लख्ख झालं. सगळ्या बायका एकेकट्या उभ्या. पोरीने सगळे चॅनल धुंडाळले, टीव्हीच्या मागेही जाऊन पाहिलं.

"आई रागावली का?"

"तू मोठी झालीस ना आता," मी म्हणालो.

आता मी चिपळूणला एकटा असतो. गेल्या मे महिन्यात मुलगी आली होती. तिच्या घरी टीव्ही नाही. लोक विचारतात तेव्हा ती हसते, "मला त्यात भुतं दिसायची ना!" तेच वाक्य ती माझ्यासमोर बोलली, तेव्हा मी डोंगर, अँटेना, लहरी, सगळं सांगितलं. मावशीलाही सांगतो म्हणालो.

ती फणसाच्या आठळ्या सोलत होती. सोलतच राहिली. हातातली वाटीत टाकून म्हणाली, "मग मी रोज एवढं बोलायचे, ते कोणीच ऐकलं नाही?"

मी तेव्हा ड्यूटीवर होतो.