कोहळ्याच्या तोंडाला मास्क: अकोल्याची दीड दिवसाची सफर

मी अमरावतीत एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. "आता बरं दिसतं की आधी बरं दिसत होतं?" हा प्रश्न दिवसभर विचारणं हे माझं काम. समोरचा गोंधळला की मी मनातल्या मनात वैतागते. मागच्या डिसेंबरात अकोल्याला जाऊन मी स्वतः इतकी गोंधळले की हे लिहायला बसले, तरी अजून नीट जुळत नाही.

माझा मामेभाऊ प्रफुल्ल अकोल्याजवळ पातूर रोडला राहतो. रस्त्याला लागून असलेल्या दोन एकरांत त्यानं पेंटबॉलचं मैदान तयार केलं. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी: हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीतून रंगाच्या गोळ्या झाडायच्या, अंगावर गोळी फुटली की गडी बाद. कपड्यावरून लागली तरी अंगावर निळसर वळ उठतो. डोळ्याला लागली तर डोळा जाऊ शकतो. म्हणून मास्क.

त्याचा फोन आला, "ताई, तीन जातीचे मास्क आणून ठेवले. पुढच्या रविवारी कॉलेजची पोरं-पोरी येऊन राहिले. तू डोयाची माणूस, एकदा पाहून जाय. अन् कोणता चांगला थे लिहून दे, मी बोर्डावर लावतो."

मला वाटलं, काच बघायची, पट्टा ओढून बघायचा, झालं. पोरं यायच्या आठवडाभर आधी, शनिवारी सकाळी निघाले.

जाणाऱ्यांसाठी सांगते: अमरावतीहून अकोल्याला बडनेऱ्यावरून रेल्वेही आहे, पण मला एसटी बरी पडते. बायकांना अर्धं तिकीट आहे आणि मूर्तिजापूरला चहाला थांबते. अडीच तास धरून चाला. दोन्ही बाजूला कापूस वेचणीला आलेला, मधेमधे तुरीचे हिरवेगार पट्टे. खिडकी उघडी ठेवायची तर गारवा, बंद करायची तर डबे उघडलेल्या प्रवाशांच्या ठेच्याचा ठसका. शेजारच्या काकूंनी कुठे निघालीस म्हणून विचारलं. सांगितलं, तर म्हणाल्या, "एकमेकाले गोया मारायले पैसे देतेत? काहून?"

अकोल्याच्या स्टँडवरून पातूर रोडला ऑटो मिळतात. सीट भरेपर्यंत हलत नाहीत, तेवढ्यात स्टँडबाहेर कचोरी खाऊन घ्यावी. मी दोन खाल्ल्या.

प्रफुल्लनं फाटकातच जयभीम घातला आणि चहाच्या आधी मास्क पुढे मांडले. पहिला काळा, जाड एकेरी काचेचा, कानापासून हनुवटीपर्यंत सगळं झाकणारा, हातात घेतला तरी भरवशाचा वाटावा असा. दुसरा हिरवा, हलका, दुहेरी काचेचा. तिसरा बारीक लोखंडी जाळीचा, त्याला काचच नाही. काच म्हणजे सवयीचा शब्द, असतं ते प्लास्टिकच.

दुपारी ऊन चांगलं तापल्यावर आम्ही मैदानात गेलो. जुने टायर, सिमेंटचे पाइप, रिकामे ड्रम, लपायला भरपूर जागा. प्रफुल्लची बायको वैशाली घरातून एक मोठं कोहळं घेऊन आली. त्याला पांढरा कागद गुंडाळला, वर मास्क चढवला आणि ड्रमवर ठेवलं. दहा पावलांवरून प्रफुल्ल प्रत्येक मास्कवर सहा गोळ्या झाडणार, मी वहीत लिहिणार.

जाळीचा पहिल्याच गोळीला बाद. जाळी शाबूत होती, पण आतल्या कागदावर पिवळा रंग आणि गोळीच्या टरफलाचे तुकडे. तो बाजूला टाकला. काळ्यानं सहाच्या सहा गोळ्या झेलल्या, कागद कोरा. हिरवा दुसऱ्या गोळीला तडकला.

"हा तं गेला," प्रफुल्ल म्हणाला.

"दुसरा हिरवा लाव," मी म्हटलं. दुसऱ्यानं सहाही झेलल्या, ओरखडासुद्धा नाही. दोन्ही एकाच खोक्यातले, एकाच बनावटीचे. मी भिंगातून दोघांच्या कडा पाहिल्या. तडकलेल्याच्या काचेत तारेसारख्या बारीक रेषा होत्या, त्या गोळीनं पडल्या की आधीपासून होत्या, कळेना.

प्रफुल्लनं विचारलं, "म्हंजे हिरवा चांगला का खराब?"

"मला नाही सांगता येत."

"मंग काया?" त्यानं काळ्या मास्ककडे बोट दाखवलं.

काळा मी स्वतः घातला, अर्धा तास मैदानात फिरले, वाकले, पळाले. सगळं स्वच्छ दिसत होतं. म्हटलं, "काळाच घे. पोरं येतील त्या रविवारी सगळ्यांना काळा." त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं तिथंच लेटरहेड आहे का विचारलं. मी म्हटलं, उद्या सकाळी एक डाव खेळून बघू, मग लिहिते.

संध्याकाळी वैशालीनं पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा आणि ज्वारीची भाकरी केली होती. पुढं येणाऱ्यांसाठी: तिथं जेवणाची सोय आहे, आधी फोन करावा लागतो, आणि रस्सा तिखट असतो. नुसता तिखट नाही, वऱ्हाडी तिखट.

रविवारी सकाळी साडेसातला आम्ही मैदानात उतरलो. कडाक्याची थंडी, तुरीच्या पानांवर दव. कॉलेजची पोरं पुढच्या रविवारी याच वेळेला येणार होती म्हणून वेळ हीच धरली. प्रफुल्ल आणि त्याचे दोन मित्र एका बाजूला, वैशाली आणि तिची भावजय दुसऱ्या बाजूला. सगळ्यांच्या तोंडाला काळे मास्क. मी तारेच्या जाळीमागे वही घेऊन उभी.

पाच मिनिटं झाली नसतील. सगळ्यांच्या काचा आतून पांढऱ्या व्हायला लागल्या. वैशाली ड्रमला धडकली. तिची भावजय ओरडून विचारत होती की आपली माणसं कोणत्या बाजूला. मला क्षणभर हसू आलं आणि तेवढ्यात प्रफुल्ल टायरमागून उठला. काही दिसत नसणार, म्हणून त्यानं मास्क कपाळावर सरकवला आणि शर्टाच्या बाहीनं काच पुसायला लागला.

मी ओरडले. वैशालीला टायरच्या वर फक्त काहीतरी हललेलं दिसलं होतं. तिनं गोळी झाडली.

तो चेहरा धरून खाली बसला. मी फाटक ढकलून आत पळाले, तेव्हा त्याच्या बोटांतून गडद लाल ओघळ येत होता. तो रंग होता हे मला जवळ जाऊनही चटकन कळलं नाही. हात बाजूला केला. उजव्या डोळ्याच्या खाली, गालाच्या हाडावर, डोळ्यापासून बोटभर अंतरावर लागलं होतं.

"दिसतंय का?" मी विचारलं.

"दिसून राहिलं," तो म्हणाला. "पण तू दोन दिसून राहिली."

डावा डोळा झाकला, बोटं मोजायला लावली. बरोबर मोजली. बाहुलीवर टॉर्च मारला, बाहुली लहान झाली. डोळ्यावर गार पाणी धरल्यावर मी त्याला दोनाची एक दिसायला लागले. तरी मी त्याला गाडीत बसवून अकोल्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थेंब टाकून पडदा तपासला आणि पडदा ठीक आहे म्हणाले. वैशाली सगळा वेळ बाकावर बसून स्वतःच्या तळव्यांकडे बघत होती. मी तिला म्हटलं, "तुझी चूक नाही. काळा घ्या म्हणून मीच सांगितलं होतं."

तिनं मान वर केली आणि म्हणाली, "ताई, हिरव्याबद्दल एक सांगू? त्या तडकलेल्यावर किमतीचं स्टिकर होतं. गोंद निघत नोता, म्हणून मी थिनरनं घासला. कालच सांगणार होती, पण थे म्हणतील, नवा मास्क खराब केला."

थिनर लागलं की असलं प्लास्टिक आतून पिचतं. चष्म्याच्या दुकानात आम्ही हे गिऱ्हाइकांना रोज बजावतो. मी मात्र तडा बघितला आणि कशानं पुसला होता हे विचारलंच नाही.

घरी परतल्यावर मी एकटीनं हिरवा घालून मैदानाला फेऱ्या मारल्या. काचेवर वाफ धरली नाही. पण तोवर अकरा वाजले होते. काळा घातला, तर तोही स्वच्छ. म्हणजे पुन्हा काहीच सिद्ध झालं नाही. शेवटी सकाळसारखे गार व्हावेत म्हणून वैशालीनं दोन्ही मास्क बर्फाच्या थाळीवर थोडा वेळ ठेवले आणि मग आम्ही घातले. काळा लगेच पांढरा झाला, हिरवा स्वच्छ राहिला. थिनर न लागलेल्या चार हिरव्यांवर प्रत्येकी सहा गोळ्या झाडल्या. चारही टिकले.

प्रफुल्ल खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "झालं तं मंग. लिहून दे, हिरवा सुरक्षित."

मी कागद समोर घेतला. चार मास्क, चोवीस गोळ्या आणि बर्फाची थाळी. काल याच वेळेला मी काळ्याबद्दल इतक्याच खात्रीनं लिहून दिलं असतं. "नाही लिहीत," मी म्हटलं. "हे मास्क याच खेळासाठी तपासलेत असा शिक्का असलेले मागव. पाव्हण्यांना सकाळी बोलवू नको, उन्हं आल्यावर बोलव. आणि मैदानात कोणीही मास्क सरकवला की सगळ्यांच्या बंदुका खाली."

"एवढ्या दुरून आली अन् एक ओळ नाही लिहून देत?"

"नाही."

तो भिंतीकडे वळून झोपला. मला वाईट वाटलं. मी चुकत होते की बरोबर होते हेही नक्की वाटत नव्हतं. वैशाली मला स्टँडपर्यंत सोडायला आली. एसटी हलली तेव्हा खिडकीजवळ येऊन म्हणाली, "येणारा रविवार रद्द करतो आमी. थे करतील बरोबर, तू नको टेन्शन घेऊ."

अमरावतीत उतरून दह्यातला गिला वडा खाल्ला, घरी आले. नवऱ्यानं विचारलं, "मग, कोणता पास झाला?" मी पंधरा मिनिटं बोलत होते. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे तुलाच माहीत नाही." बरोबर होतं.

मैदान आता सुरू झालंय, दुपारी एकनंतर. शिक्का असलेले दुहेरी काचेचे मास्क आले. जावंसं वाटलं तर जा, चांगलं आहे. फक्त खेळण्याआधी मास्क घालून पाच मिनिटं पळून बघा, आणि काच साध्या पाण्यानं आणि मऊ कपड्यानंच पुसा.

अकोल्याहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दुकानात एक वेल्डिंगवाले दादा आले होते. डोळा लाल, ठिणगी उडालेली. त्यांना डॉक्टरांकडे पाठवायचं ते पाठवलंच. असा माणूस आला की गॉगल काहून नाही घातला म्हणून रागावायची माझी सवय. त्या दिवशी मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "गॉगल कधी काढला, दादा? तेव्हा काय झालं होतं?"

त्यांनी माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं. मग सांगायला लागले.