दाराबाहेरची चप्पल

यांच्या तळपायावरचा काळा डाग कातडीचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, "नव्या औषधाने पुष्कळांना गुण आलाय. पण ज्यांच्यावर ते तपासलं, ते एरवी धडधाकट होते. काकांना साखर आहे, किडनी थकलीय. यांना किती लागू पडेल, सांगता येत नाही."

मी रिपोर्ट पिशवीत घातले आणि आम्ही बाहेर आलो.

दाराबाहेर यांचा बँडेजचा पाय चपलेत शिरेना. यांनी शेजारची मोठी चप्पल ओढली.

"अहो, ती दुसऱ्याची!"

"माहीत आहे गं. पाय जातोय का बघतो."

औषध तपासलं त्या माणसांत यांच्यासारखं साखर-किडनीचं दुखणं असलेलं कुणीच नसेल? चप्पल चावली तर काढता येते. औषधाचं काय?

यांची चप्पल हातात घेऊन मी पुन्हा दार ढकललं.

"डॉक्टर, सोसलं नाही तर थांबवता येईल ना?"