आईचा चहा परतवणारा टायवाला

माझ्या आयुष्यात मी ज्या माणसावर सगळ्यांत जास्त चिडलो तो अत्यंत सज्जन होता, हीच माझी त्याच्याविरुद्धची मुख्य तक्रार आहे. लबाड असता तर चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो. पण हा भल्या सकाळी आंघोळ करून, पांढरा शर्ट, काळी पँट, गळ्यात टाय आणि छातीवर काळा बिल्ला लावून बिदरकडच्या आमच्या ठाणाकुशनूरच्या धुळीत उभा राहायचा आणि समोरून येईल त्याच्यापुढे हात करायचा. मग तो पोलीस पाटील असो नाहीतर कडब्याची पेंढी डोक्यावर घेतलेला गडी असो. गडी बिचारा पेंढी सावरू की हात देऊ या पेचात पडायचा आणि शेवटी पेंढी पाडायचा. ती पेंढीही हाच उचलून द्यायचा. बिल्ल्यावर त्याच्या नावाआधी इंग्रजीत ‘वडीलधारी’ अशा अर्थाचा शब्द होता. वय एकोणीस, मिशीचा पत्ता नाही, आणि हा म्हणे वडीलधारी! गावानं त्या बिल्ल्याकडे दुर्लक्ष केलं आणि त्याचं नाव टायवाला ठेवलं.

ग्रामपंचायतीत नुकताच काळा-पांढरा टीव्ही आला होता, तेव्हाची ही गोष्ट. मी गावच्या मराठी शाळेत मास्तर होतो. गावात एक ख्रिस्ती कंपाउंडर होते, नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा हैदराबादला जाऊन मॉर्मन पंथात गेला होता. त्याच्याच ओळखीनं हा अमेरिकेचा पोरगा आणि त्याचा तेलुगू जोडीदार कंपाउंडरांच्या माडीवर येऊन राहिले. दोन वर्षं घरदार सोडून परमुलखात धर्म सांगायचा आणि लोकांची सेवा करायची, असा त्यांच्यात रिवाज आहे. त्यातला काही काळ आमच्या नशिबी आला. त्यांचे नियम ऐकून तर माझं डोकंच फिरलं होतं. सिनेमा नाही, पोहणं नाही, आणि जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही. सकाळी एकजण लोटा घेऊन नदीकडे निघाला की दुसरा बाभळीखाली पाठ करून उभा. सायकल चालवताना डोक्यावर हेल्मेट! आमच्याकडे फटफटीवाल्यानंही कधी घातलं नव्हतं. चहा नाही, कॉफी नाही. आणि घरी फोन वर्षातून दोनदाच, एक नाताळला आणि एक त्यांच्याकडच्या आईच्या दिवशी.

मराठीतलं त्यानं एकच वाक्य पक्कं केलं होतं, ‘काय करायलाव? मी करतो.’ हे म्हणायचं आणि बाह्या सरसावायच्या. कुणाचं शेणखत गाडीत भरून दे, कुणाचे पत्रे ठोकून दे. पाटलानं तर त्याच्याकडून शेतातले सगळे धोंडे बांधावर टाकून घेतले, टायसकट. तिथं खुरपणाऱ्या बायका आधी हसल्या, मग त्यातली एक वैतागून म्हणाली, ‘ह्या येड्याला कुणीतरी घरी न्या गं. ह्यो फुकट राबायलाय, मग उद्या आपल्याला कामाला कोण बोलवायलंय?’ माझ्याही तळपायाची आग मस्तकात गेली. गावाची फुकट कामं करायची नाहीत हे ठरवायला आमच्या वडिलांच्या पिढीला धर्म बदलावा लागला. धम्म घेतला, गावकी सोडली, त्यापायी गावाचा बहिष्कार सोसला. आणि हा सातासमुद्रापलीकडून विमानाचं तिकीट काढून, हसत हसत, पाटलाचे धोंडे फुकट उचलायला आला होता! बरं, त्याला तसं बोलावं तर तो म्हणणार, ‘थँक्यू’.

पण हे सगळं मी गिळलं असतं. त्यानं आईचा चहा परतवला, ते मला गिळता आलं नाही.

आईचा चहा म्हणजे काय, हे आमच्या आळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लहानपणी तिनं ओंजळ धरून, वरून ओतलेलं पाणी प्यायलं होतं. धम्म घेतल्यावर तिनं आपल्यापुरता एक नियम केला. घरी जो येईल त्याला चहा द्यायचा, घेणार का म्हणून विचारायचं नाही, सरळ समोर ठेवायचा. गुळाचा, आलं ठेचून घातलेला, निळ्या फुलांच्या कपबशीत. पिला तर पाहुणा. न पिला तर तो साहेब असो की पुढारी, परत आमच्या दारात नाही. मतं मागायला आलेल्या एका उमेदवारानं तोंड भाजलं तरी तो एका घोटात संपवला होता. एका ग्रामसेवकानं ॲसिडिटीचं कारण सांगितलं, तर आई म्हणाली, ‘पाटलाच्या वाड्यावर दोनदा पिलाव सकाळी. आमच्याच दारात कशी हुती हो ॲसिडिटी?’ तो पुढे बदली होईपर्यंत आमची आळी चुकवून वळसा घालून जायचा.

टायवाला आमच्याकडे आला त्या दिवशी मी कामासाठी तालुक्याला, औरादला गेलो होतो. तो धर्म सांगायला आला होता. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘आम्ही एकदा बदललाव बाबा, नीट इचार करून. आता परत परत न्हाई. च्या घे.’ आणि कप समोर ठेवला. पोरगा लाजला, हात जोडले आणि कप हळूच मागं सरकवला. ‘कामून पिईना?’ आईनं जोडीदाराला विचारलं. तो आपल्या दखनी हिंदीत म्हणाला, ‘अम्मा, इनो चाय नै पीते. इनके धरम में नै चलता.’ झालं! धर्मात चालत नाही! आईच्या सबंध जन्मात तिच्या हातचं ज्यांनी ज्यांनी नाकारलं त्या प्रत्येकानं नेमकं हेच सांगितलं होतं. आणि दारं उघडी, आळी बघत होती. संध्याकाळी मी आलो तेव्हा तो भरलेला कप तसाच सतरंजीवर होता आणि आई त्याच्यासमोर बसून होती. चूल पेटवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याला जाब विचारायला निघालो. तो स्टँडजवळच्या अप्पांच्या हॉटेलापाशी दिसला. या हॉटेलाच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात कान तुटलेले दोन कप होते, आमच्या लोकांसाठी. आपण घ्यायचा, आपण विसळायचा, वरून ओतलेला चहा बाहेर लिंबाखाली बसून प्यायचा आणि धुऊन परत ठेवायचा. मास्तर झाल्यापासून मी त्या हॉटेलाची पायरी सोडली होती. आम्ही किती अर्ज केले, किती भांडलो. एकदा तहसीलदार आले, तेव्हा दिवसभर कोनाडा रिकामा राहिला, आणि त्यांची जीप वळली तसे कप पुन्हा जागेवर. टायवाल्याला यातलं काही माहीत नव्हतं. सायकल लिंबाला टेकवली, जवळ दिसला तो कोनाड्यातला कप उचलला, विसळला आणि गरम पाणी मागितलं. अप्पांचा चेहरा पांढराफटक. ‘सायेब, त्यो न्हाई, त्यो तुमचा न्हाई!’ पण साहेबानं पाणी घेतलं, लिंबाखाली आमच्याच लोकांच्या ओळीत बसून पिलं, कप धुतला आणि जागेवर ठेवला. जोडीदाराला सगळं कळत होतं. तो हेल्मेटचा पट्टा बघत बसला.

मी विचारायला आलो होतो ते मला विचारता येईना. नुसतं चहाचं विचारलं. त्यानं साध्या इंग्रजीत सांगितलं की त्यांच्या पंथात चहा, कॉफी, दारू, तंबाखू कुणालाच चालत नाही, मग घर कुणाचं का असेना. मी घरी येऊन आईला समजावलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, ‘तू मास्तर हाईस, तुला पटलं. आळीला काय सांगू? आळीनं कप परत सरकलेला बघितलाय.’ त्यानं आळीच्या देखत तिच्या हातचं काहीतरी घ्यायला हवं, एवढंच तिचं म्हणणं होतं. आणि अप्पांनी काय केलं म्हणता? कोनाडा बंद केला? छे! त्यांनी बिदरहून एक नवा कोरा स्टीलचा गिलास आणला, साहेबासाठी. आत गाववाल्यांचे कप, बाहेर आमचे कप आणि मधे साहेबाचा गिलास. दोनाचे तीन झाले!

आईनं मग त्याला जेवायला बोलावलं. मला सुट्टी म्हणून रविवार धरला. पहाटेपासून खपली. धपाटे, भरली वांगी, शेवयांची खीर. चहाचं नावही काढलं नाही. आळी दारादारांत उभी. टायवाला आला, ताटाकडे बघितलं आणि त्याचे कान लाल झाले. महिन्याचा पहिला रविवार. त्या दिवशी त्यांचा उपवास. मी दात ओठ खात म्हटलं, निदान पाणी घे. तर उपवासात पाणीही नाही! सांगा, याला काय म्हणावं? उपवासाच्या दिवशी जेवायला येतोच कसा माणूस? तर बोलावणं मोडवेना म्हणून आला! आई ताडकन उठली. ‘तुझ्या आईनं ताट वाढलं तरी असंच उठून जातूस व्हय रं?’ जोडीदारानं भीत भीत ते सांगितलं. पोरगा खाली बघून काहीतरी पुटपुटला. जोडीदार म्हणाला, ‘अम्मा, क्रिसमस के बाद से माँ की आवाज नै सुने बोलते इनो.’ आई परत खाली बसली. मी मात्र गप्प बसलो नाही. त्याला बाहेर ओढून त्या कोनाड्याचं, ओंजळीचं, आईच्या कपबशीचं, सगळं सगळं इंग्रजीत सांगितलं, माझ्या त्या मोडक्या इंग्रजीत आवाज चढवून. दुसऱ्या दिवशी तो हॉटेलावर गेला आणि स्टीलचा गिलास समोर असताना कोनाड्यातला कप घेतला. रोज तोच घेत राहिला. अप्पा गावाला सांगायचे, ‘गोऱ्या लोकास्नी कळत न्हाई बघा.’ गावही माना डोलवायचं. आम्ही कळून भांडलो तर आगाऊ, आणि हा सगळं कळून तोच कप उचलतो तर अडाणी. माझा जळफळाट कुणाला सांगणार?

होळीच्या सुमारास त्याची बदली आली. धर्म सांगणाऱ्यांचीही बदली होते हे ऐकून मला तेवढंच बरं वाटलं. गावात एकही माणूस त्याच्या पंथात गेला नव्हता. निघायच्या सकाळी तो टाय घट्ट करून आमच्या दारात आला. आळी पुन्हा गोळा झाली. आईनं नेहमीसारखं काही न विचारता चहा समोर ठेवला. निळ्या फुलांची कपबशी. तो सतरंजीवर बसला. जोडीदारानं मान हलवून नको म्हटलं. त्यानं त्याच्याकडे बघितलंच नाही. दोन्ही हातांनी कप उचलला. बशीत चहा सांडला. इतके दिवस तो चहा पीत नाही म्हणून मी जळत होतो, आणि आता तो पितोय म्हणून मला त्याचा भयंकर राग आला. एवढ्या लांबून पाळत आलेलं व्रत असं मोडतात?

कप ओठाला लागणार तेवढ्यात आईनं वाकून तो त्याच्या हातातून घेतला.

‘ठिव,’ ती म्हणाली. ‘तिकडं आईला सांगून आलास न्हवं, पाळतो म्हणून? मग पाळ की.’

मग तिनं तो चहा स्वतः पिला, उभ्यानं. आणि कप न विसळता चुलीवरच्या पातेल्यातलं गरम पाणी त्यातच ओतून त्याच्या हातात दिलं. पोरगा ते पाणी शेवटच्या थेंबापर्यंत पिला. त्या पाण्यात चहाचा रंग उतरला होता. तेवढा त्याच्या धर्मात चालतो की नाही, मला ठाऊक नाही, आणि त्यानंही जोडीदाराला विचारलं नाही. पिऊन झाल्यावर उठला आणि हॉटेलावरच्या सवयीनं कप धुवायला रांजणाकडे निघाला.

‘ए!’ आई एवढ्या जोरात ओरडली की तो जागीच थिजला. ‘ठिव तो खाली. माझ्या घरात पाव्हण्यानं कप धुवायचा नसतो.’

जोडीदारानं सांगायच्या आधीच त्याला ते कळलं असावं. कप त्यानं फार हळू खाली ठेवला. मग तोंड फिरवून हेल्मेट घालायला लागला आणि बराच वेळ त्याचा पट्टा त्याला लागेना.

अप्पांच्या कोनाड्यातले कप त्यानंतरही काही वर्षं तिथंच होते. ते पुढे आमच्या पोरांनी एका सकाळी जाऊन फोडले, टायवाल्याचा त्यात काही संबंध नाही, आणि असा संबंध जोडणाऱ्याशी मी आजही भांडेन. आमच्या घरात मात्र एक फरक पडला. चहा ठेवायच्या आधी आई पाहुण्याला विचारायला लागली, ‘च्या घेताव का पाणी?’ आणि दर नाताळला कंपाउंडरांच्या माडीवर कागदाची चांदणी लागली की ती हातातलं काम थांबवून मला विचारायची, ‘बोललं असंल का रं पोरगं आईला?’ मी चिडून सांगायचो, आई, त्याची दोन वर्षं कधीच संपली, तो आता घरी असेल, रोजच बोलत असेल.

‘तरी पण,’ ती म्हणायची.