कापसाची बंडी बर्फात

जानेवारीत मी मारेगावहून निघाले ती लेकीला परत आणायलाच. सुषमा लेहच्या एका दवाखान्यात नर्स आहे आणि तिचा तिथला हा पहिलाच हिवाळा. बर्फात कुठे माणूस राहतं का, असं माझं ठाम मत. तरी रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून घरचा कापूस पिंजून घेतला आणि तिच्यासाठी जाड बंडी शिवली.

गावातल्या बायकांची सहल मनालीला निघाली होती. तिथपर्यंत त्यांच्यासोबत गेले. मनालीत उतरलो तर बर्फ पडत होता, चांगले जड पुंजके. म्हटलं, बंडीची परीक्षा इथेच घेऊ. अंगात घालून तासभर हिंडले आणि बंडी चिंब! ओला कापूस किती जड होतो हे मारेगावच्या बाईला सांगायला नको, पण तो पाठीवर घेऊन फिरायची वेळ पहिलीच. चहावाली हसली.

"अम्मा, हमारी बर्फ गीली है. रुई सब पी जाती है."

मला रडूच आलं. हॉटेलात हीटरपुढे दोन दिवस बंडी वाळवली. बंडी फसली तर फसली, पोरगी घेऊनच येणार, असं ठरवून दिल्लीपर्यंत सहलीसोबत आले आणि तिथून एकटी लेहच्या विमानात बसले.

लेहचे डोंगर तपकिरी निघाले, वर जेमतेम पांढरा हात फिरवलेला. थंडी मनालीहून कितीतरी जास्त, नळसुद्धा गोठलेले, अन् बर्फ मात्र चिमूटभर! सुषमाच्या घरमालकीणबाईंनी "जुले" (नमस्कार) म्हणत बुखारीजवळ (खोली तापवायची शेगडी) बसवलं. थंडी एवढी अन् बर्फ एवढासाच कसा, मी विचारलं.

"पानी तो उधर के पहाड़ रख लेते हैं," त्या म्हणाल्या. "इधर सूखी हवा ही पहुँचती है."

"आई, एवढ्या थंडीत कायले आली तू?" सुषमाने विचारलं.

"तुले न्याले."

तिने मी दिलेली बंडी अंगाला लावून पाहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पिठासारखा बर्फ भुरभुरला. बंडी चढवून ती ड्युटीला निघाली, मी मागोमाग. दवाखान्याच्या दारात तिने खांदे झटकले. सगळा बर्फ उडाला, कापूस कोरडाच. आतून एक म्हातारी तिलाच हाका मारत होती. पोरगी धावली, मागे वळूनही पाहिलं नाही. मला राग आला आणि अभिमानही वाटला.

संध्याकाळी तिने सांगून टाकलं, "मी नाई येत, आई. इथं मले काम हाय."

थंडी जास्त तिथे बर्फ जास्त, हे मी घरबसल्या ठरवलं होतं. लेकीला काय झेपेल हेही तसंच.

मारेगावला एकटीच परतले. शेजारीण दारातच उभी.

"पोरगी काहून नाई आणली वं?"

"तिले एक बंडी पुरत नाई तिथं," मी म्हणाले. "दुसरी शिवून राह्यली."